लॉबस्टर टेल कधी रबर, कधी लगदा का होते? उकळू, वाफवू का ओव्हनमध्ये भाजू?

तुमचा प्रश्न असा आहे की मागच्या वेळी फ्रोझन लॉबस्टर टेल, म्हणजे लॉबस्टरच्या शेपट्या, आणल्या, एका व्हिडिओत सांगितलं तसं १५ मिनिटं उकळल्या, त्यातल्या बहुतेक चिवट रबरासारख्या झाल्या, एकीचा पुढचा जाड भाग मात्र भुसभुशीत होऊन चमच्याला चिकटून यायला लागला, आणि सगळ्यांचंच मांस कवचाला असं धरून बसलं होतं की ताटात वाढेपर्यंत चिंध्या झाल्या. आता पुन्हा चार टेल आणल्यात, प्रत्येकी साधारण १५० ग्रॅमच्या, घरी पाहुणे येणारेत, आणि तुम्हाला नेमकं हवंय ते म्हणजे उकळायच्या, वाफवायच्या का ओव्हनमध्ये भाजायच्या आणि किती मिनिटं.

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये सीफूडचा सेक्शन सांभाळतोय, त्यामुळे मिनिटांचा आकडा मी लगेच सांगू शकतो आणि खाली सांगणारही आहे, पण आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, कारण तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र झाल्यात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. रबर होणं हे उष्णता जास्त लागल्याचं लक्षण आहे. भुसभुशीत होणं हे बहुतेक वेळा चुलीवर घडतच नाही, ते टेल तुमच्या हातात यायच्या आधी किंवा थॉ करताना, म्हणजे गोठलेली टेल वितळवताना, घडलेलं असतं. आणि कवचाला चिकटणं हा कापण्याचा आणि सोडवण्याचा प्रश्न आहे. आता फक्त मिनिटं बदललीत तर तिघांपैकी एकच प्रश्न सुटेल, बाकीचे दोन तसेच राहतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधी सांगतो. पॅकेट बाहेर काढा आणि कवचाचा रंग बघा. कच्च्या टेलचं कवच तपकिरी, हिरवट, निळसर-काळपट असं असतं. फ्रोझन असतानाच कवच लालभडक किंवा केशरी दिसत असेल आणि मांस पांढरंधोप असेल तर ती शिजवलेली टेल आहे, तिला फक्त गरम करायचंय, पुन्हा शिजवायची नाहीये. अशी आधी शिजवलेली टेल १५ मिनिटं उकळली तर रबर होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही, पण पॅकेटवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते एकदा वाचाच. दुसरं म्हणजे ती कुठल्या जातीची आहे. बाजारात येणाऱ्या बऱ्याचशा टेल या काटेरी लॉबस्टरच्या असतात, ज्याला मोठ्या नांग्या नसतातच, त्यामुळे त्याचं जे काही मांस आहे ते शेपटीत. नांग्या असलेल्या अटलांटिकच्या लॉबस्टरच्या टेलही मिळतात, त्यांचं कवच जास्त गुळगुळीत असतं. काटेरी लॉबस्टरमध्येही गरम समुद्रातले आणि थंड समुद्रातले असे दोन प्रकार, कॅरिबियनमधल्या टेलवर फिकट पिवळसर ठिपके दिसतात. माझ्या अनुभवात थंड पाण्यातल्या टेल जास्त भरवशाच्या निघतात, गरम पाण्यातल्या चांगल्या असल्या तर फारच चांगल्या असतात पण भुसभुशीत निघायचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसतं. शिजवण्याची पद्धत मात्र दोन्हींना तीच.

भुसभुशीतपणाचं कारण असं की लॉबस्टरच्या डोक्याकडच्या भागात पचनाची ग्रंथी असते, तिच्यात प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात. जनावर मेल्यावर शेपटी लवकर वेगळी केली नाही, नीट थंड केली नाही, तर ती एन्झाइम्स शेजारच्या मांसात उतरतात आणि ते आतूनच विरघळायला लागतं. म्हणून तुमच्या त्या एका टेलचा पुढचा, म्हणजे डोक्याकडचा जाड भागच खराब झाला आणि मागचा बरा राहिला, ही अगदी नेहमीची खूण आहे. एकदा असं झालं की कितीही काळजीने शिजवा, ते मांस परत घट्ट होत नाही. मधेच वितळून पुन्हा गोठवलेली टेलही तशीच होते, कारण बर्फाचे मोठे खडे मांसाचे तंतू फोडतात. त्यामुळे पॅकेटच्या आत बर्फाचा चुरा साचलेला दिसला, किंवा टेल एकमेकींना चिकटून एका बाजूला पाणी गोठून बसलेलं दिसलं, तर समजायचं की ही वाटेत कुठेतरी वितळली होती. टेलवर बर्फाचा पातळ एकसारखा थर मात्र मुद्दाम दिलेला असतो, मांस सुकू नये म्हणून, त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त तो वजनात धरलाय का ते बघायचं. कवचावर किंवा मांसाच्या कडेला काळे डाग दिसले तर तो सफरचंद कापल्यावर काळं पडतं त्याच जातीचा प्रकार आहे, थोडे असले तर खायला धोका नसतो, पण माल ताजेपणी नीट हाताळला नव्हता एवढं त्यावरून कळतं. आणि थॉ झाल्यावर अमोनियासारखा, नाकात झोंबणारा वास आला तर ती टेल सरळ टाकून द्या. धुऊन, लिंबू लावून, मसाला लावून ती सुधारत नाही.

एक शक्यता तपासून बघा, की तो भाग भुसभुशीत नसून कच्चाच राहिला होता का. कच्चं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक आणि गिळगिळीत असतं, चाकूला ओढलं जातं. भुसभुशीत मांस पांढरं, शिजलेलं दिसतं पण बोटांनी दाबलं की पिठासारखं होतं. १५ मिनिटं उकळल्यावर १५० ग्रॅमची टेल कच्ची राहणं अवघड आहे, पण पाण्यात टाकताना ती मधून गोठलेली असेल तर बाहेरून रबर आणि आतून कच्ची असं दोन्ही एकाच टेलमध्ये होऊ शकतं.

म्हणून थॉ करणं हे मी शिजवण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, एका ताटलीत, खाली पाणी निथळेल असं. १५० ग्रॅमच्या टेलला १२ तास तरी धरा, मोठ्या असतील तर पूर्ण २४ तास. टेल हवा काढून सील केलेल्या पॅकेटमध्ये असेल तर फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी ते पॅकेट कापून उघडा, ही गोष्ट बरेच जण करत नाहीत. हवा नसलेल्या बंद पिशवीत बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू फ्रीजच्या तापमानातही हळूहळू वाढू शकतात, म्हणून मासे आणि कवचवाल्या सगळ्याच सीफूडसाठी हा नियम आहे. उघडल्यावर वरून सैल झाकून ठेवायचं म्हणजे सुकत नाही.

विसरलात आणि त्याच दिवशी हवंय, तर टेल पाणी शिरणार नाही अशा झिपच्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवून ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, या मापाची टेल पाऊण ते एक तासात होते, आणि मग ती लगेच शिजवायची, परत फ्रीजमध्ये ठेवून द्यायची नाही. पिशवी न घालता थेट पाण्यात टाकलं तर चव पाण्यात उतरते आणि मांस पाणी पितं. कोमट पाणी, मायक्रोवेव्ह, ओट्यावर तासन्‌तास ठेवणं हे तिन्ही नको. बाहेरचा थर गरम होऊन आतला बर्फ तसाच राहतो, आणि वर सांगितलेली एन्झाइम्स कोमटपणात जास्त जोरात काम करतात. थॉ झाली का ते बघायला टेल मधून हलकीच वाकवा, सहज वाकली पाहिजे, आणि पुढच्या कापलेल्या बाजूने बारीक सळई आत घालून बघा, कुठे कडक बर्फ लागला तर अजून वेळ द्या.

आता कापणं. यासाठी स्वयंपाकघरातली जाड दणकट कात्री लागते, चाकूने करायला जाऊ नका, कवच गुळगुळीत असतं आणि चाकू घसरतो. काटेरी जातीच्या टेलच्या कडांना टोकं असतात ती हाताला लागतात म्हणून डाव्या हातात जाडसर फडकं घेऊन टेल पाठ वर करून धरा. कात्रीचं एक पातं पुढच्या उघड्या बाजूने कवचाच्या आणि मांसाच्या मधे सरकवा, आणि पात्याचं टोक सतत वर, कवचाला घासत ठेवा, म्हणजे खालचं मांस फाटणार नाही. पाठीच्या बरोबर मध्यातून कापत शेवटच्या पंख्यापर्यंत जा आणि तिथे थांबा, पंखा कापायचा नाही. आता कवचाच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी बाहेर उघडा, आणि खालच्या बाजूने बोटांनी जरा दाबा म्हणजे पोटाकडच्या बारीक फासळ्या कट् कट् करून तुटतात आणि कवच सैल पडतं. मग बोट मांसाच्या कडेने आत घालून, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग खालून असं सोडवत न्या. मांस आणि कवच यांच्यामधे एक पातळ पडदा असतो, तोच चिकटून धरतो, तो बोटाच्या पेराने हळूहळू सुटतो, घाई केली की मांस सुटण्याऐवजी तुटतं. पंख्याच्या टोकाशी मात्र मांस जोडलेलंच ठेवायचं. पुढचा भाग वर उचला, खालचं कवच परत मिटवा, आणि मांस त्या कवचाच्या वर आरामात ठेवून द्या. हॉटेलात तुम्ही बघता ती फुललेली टेल म्हणजे हीच.

मांसाच्या पाठीत कोळंबीसारखाच काळा दोरा असला तर तो आत्ताच ओढून काढा, कवचाचे बारीक कण राहिले असतील तर तेही बघून काढा, कारण एक कण दाताखाली आला की खाणाऱ्याचा सगळा आनंद जातो. गरज वाटली तर गार पाण्याखाली झटकन धुऊन लगेच टिश्यूने कोरडी करा. कोरडी करणं ही बारीक गोष्ट वाटते पण ओल्या मांसावर बटर टिकत नाही आणि भाजताना रंगही येत नाही, आधी पाण्याची वाफ होण्यातच वेळ जातो.

आणि ज्यांना मांस कवचातून पूर्ण सोडवून घ्यायचंय, बटरमध्ये शिजवायला वगैरे, त्यांनी कवचासकट टेल उकळत्या पाण्यात १ मिनिट टाकावी आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घालावी. बाहेरचा थर जेमतेम आकसतो, पडदा सुटतो, आणि मग कात्रीने कापल्यावर अख्खं मांस एका तुकड्यात हातात येतं. तुमच्या चिंध्यांवर हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

आता रबराचं. लॉबस्टरच्या मांसात चरबी जवळपास नसतेच, म्हणजे चूक पोटात घालणारं काही नाही. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातली प्रोटीन्स आवळायला लागतात आणि मांस काचेसारखं होतं ते पांढरं होतं, ६० च्या आसपास ते घट्ट पण रसदार असतं, आणि ६५ च्या पुढे जसजसं जाल तसतसे तंतू इतके आवळतात की आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तेच तुमचं रबर. पाणी उकळतंय १०० अंशाला, ओव्हन २०० च्या वर, म्हणजे ६० पासून ७० पर्यंतचा प्रवास एक-दोन मिनिटांत होऊन जातो, आणि बरोबर तेवढ्यात फोन आला की टेल गेली. त्यामुळे बारीक सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या असं मी आग्रहाने सांगेन, एका टेलच्या किमतीपेक्षा तो जास्त महाग नसतो. पुढच्या जाड बाजूने सळई मांसाच्या मध्यात घाला, कवचाला टेकू देऊ नका. अन्नसुरक्षेचा अधिकृत आकडा सीफूडसाठी ६३ अंश आहे. मी स्वतः ५८ ते ६० ला बाहेर काढतो, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता मध्याकडे सरकत राहते आणि दोन मिनिटांत आकडा आणखी दोन-तीन अंश चढतो. पण खाणाऱ्यांमध्ये गरोदर बाई असेल, लहान मूल किंवा वयस्कर कोणी असेल, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर मध्यभागी प्रत्यक्ष ६३ दिसल्याशिवाय काढू नका.

थर्मामीटर नसेल तर जाड भागात चाकूचं टोक घालून बघा, मध्यापर्यंत पांढरं आणि अपारदर्शक दिसलं पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर मांसाने हलकेच परत वर यायला पाहिजे. कवचाच्या रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचा लालसर रंग आधीपासूनच असतो, कच्चेपणी तो एका प्रोटीनला बांधलेला असतो म्हणून निळसर-काळपट दिसतो, उष्णतेने ते प्रोटीन उलगडलं की लाल बाहेर येतो. कवच बाहेर असतं त्यामुळे ते सगळ्यात आधी तापतं आणि लाल होतं, आत मांस तेव्हा कच्चं असू शकतं. लाल झाल्यावर अजून बराच वेळ ठेवायची असा उलटा नियमही लावू नका, आतलं तापमान हाच खरा पुरावा.

म्हणजे टेल चांगली निवडली, गारच ठेवून थॉ केली, नीट सोडवली आणि मध्य ६० च्या आसपास थांबवला, एवढं झालं की पद्धत कुठली हा प्रश्न बराच सोपा होतो.

उकळणं मी तुम्हाला सुचवणार नाही. अख्ख्या जिवंत लॉबस्टरला ते ठीक आहे, पण टेलची पुढची बाजू कापलेली, उघडी असते, तिथून पाणी आत जातं आणि चव बाहेर येते. तरी उकळायचंच असेल तर पाणी समुद्रासारखं खारट करा, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, आणि १५० ग्रॅमच्या टेलला उकळी परत आल्यापासून पाचव्या मिनिटाला तपासायला लागा. १५ मिनिटं हा आकडा कुठल्यातरी मोठ्या अख्ख्या लॉबस्टरचा असणार, तो टेलला लावला की झालंच.

घरी पहिल्यांदा नीट करून बघायचंय तर वाफवा, याच्यात चुकायला जागा सगळ्यात कमी. पातेल्यात दोन-अडीच सेंटीमीटर पाणी, थोडं मीठ, वर चाळणी किंवा जाळी, पाण्याचा स्पर्श टेलला होता कामा नये. वाफवताना पाठ कापायची गरज नाही, उलट पोटाकडचा पातळ पडदा दोन्ही कडांनी कापून काढून टाका म्हणजे वाफ थेट मांसाला लागते. आणि एक बांबूची काडी पुढून मागे पंख्यापर्यंत सरळ घाला. लॉबस्टर शेपटी पोटाखाली झटकून मागे पळतो, त्यामुळे वाकवणारे स्नायू फार ताकदवान असतात, गरम झाले की टेल बोंडासारखी गुंडाळते आणि मग बाहेरची बाजू जास्त आणि आतली कमी शिजते. काडीने ती सरळ राहते. पाणी खळखळ उकळलं, वाफ जोरात आली, मग टेल ठेवा, झाकण लावा, १५० ग्रॅमला सहाव्या मिनिटाला पहिली तपासणी, साधारण सात-आठ मिनिटांत होतात. चारही टेल एका थरात मावल्या पाहिजेत. एकमेकींवर रचल्या तर खालच्या होतात आणि वरच्या राहतात, त्यापेक्षा दोन खेपा करा.

ओव्हनला वरचा ग्रिलचा एलिमेंट असेल आणि पाहुण्यांसमोर दिसायला छान हवं असेल तर ती फुललेली टेल ट्रेमध्ये ठेवून एलिमेंटपासून १२ ते १५ सेंटीमीटर खाली सरकवा. ओव्हन आधी पूर्ण तापलेला पाहिजे. मांसाला ब्रशने बटरचा पातळ हात, मीठ, बस, आणि पंख्याला फॉइलचा तुकडा गुंडाळा नाहीतर तो करपतो. पाचव्या मिनिटापासून तापमान बघा, सहा ते आठ मिनिटांत या मापाची होते. वरून भराभर रंग येतोय आणि आत अजून ४५ च दिसतंय असं झालं तर ट्रे एक खण खाली घ्या, वेळ वाढेल पण वरचं कोरडं होणार नाही. वरचा एलिमेंट नसेल तर २२० अंशावर नेहमीसारखं बेक करा, नऊ ते बारा मिनिटं, तपासणी आठव्या मिनिटाला. एअर फ्रायरमध्ये २०० अंशाला सहा-सात मिनिटं, पण तिथे गरम हवेचा झोत असतो त्यामुळे बटर लावल्याशिवाय टाकू नका. कोळशावर करायची असेल तर टेल लांबीत दोन भाग करून आधी मांसाची बाजू जाळीवर दीड-दोन मिनिटं, मग उलटून कवचाची बाजू खाली आणि वरून बटर लावत राहायचं, कवच मग भांड्याचं काम करतं.

सगळ्यात मऊ होते ती बटरमध्ये मंद आचेवर. यासाठी वर सांगितलेली १ मिनिटाची युक्ती करून मांस पूर्ण सोडवा, छोट्या पातेल्यात दोन चमचे पाणी गरम करून त्यात गार बटरचे तुकडे एकेक घालत फेटत न्या म्हणजे ते फुटत नाही, दुधाळच राहतं, आणि ते ७० अंशाच्या आसपास ठेवून त्यात टेल बुडवा. उकळी आली तर बटर फुटतं, मग गॅस सारखा कमी-जास्त करावा लागतो. या पद्धतीत बटरच ७० च्या आत असल्यामुळे मांसाला एकदम चटका बसत नाही, तपासायला निवांत वेळ मिळतो. चार टेलना बटर बरंच लागतं हे खरं, पण उरलेलं गाळून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवसांत दुसऱ्या कशातही वापरता येतं, आणि त्याला जो वास लागलेला असतो तो फेकून देण्यासारखा नक्कीच नाही.

चवीचं थोडक्यात सांगतो. ही नाजूक गोड चव आहे, ती झाकू नका. लिंबू आधी लावून मुरत ठेवू नका, आम्लाने मांस वरून चुलीवर जायच्या आधीच पांढरं पडून आवळतं, लिंबू शेवटी ताटात. लसूण एलिमेंटखाली दोन मिनिटांत काळा होऊन कडू लागतो, म्हणून तो बटरमध्ये वेगळा हलका परतून नंतर वरून ओता. मीठ घालताना पॅकेटवर फॉस्फेट लिहिलंय का बघा, मांसाने पाणी धरून ठेवावं म्हणून काही माल त्याच्या द्रावणात भिजवलेला असतो, त्यात सोडियम आधीच असतं, तिथे मीठ निम्मंच घाला आणि शिजताना ट्रेमध्ये पाणी जास्त सुटलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पाहुण्यांच्या दिवशीचा क्रम असा लावा की कापणं, सोडवणं, कोरडं करणं हे तीन-चार तास आधी उरकून टेल झाकून फ्रीजमध्ये, बाकी सगळं जेवण तयार, माणसं टेबलाशी बसलेली, आणि मग टेल गॅसवर किंवा ओव्हनमध्ये. शिजवून गरम ठेवायचा प्रयत्न करू नका, कोमट ओव्हनमध्येही ती शिजतच राहते आणि मग एवढं मोजूनमापून काढलेलं ६० वाया जातं. माणसांनी पाच मिनिटं थांबलं तर चालतं, टेलला नाही चालत. आणि निमंत्रण देतानाच विचारून घ्या कुणाला कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे का. ज्या प्रोटीनमुळे ही अ‍ॅलर्जी होते ते शिजवून नष्ट होत नाही, त्यामुळे नीट शिजवलंय, थोडंसं खाऊन बघा असा आग्रह अशा माणसाला चुकूनही करू नका, आणि त्यांच्या जेवणाला वेगळं पातेलं, वेगळी कात्री, वेगळा चिमटा वापरा.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करण्यापेक्षा गारच तुकडे करून सॅलडमध्ये किंवा ब्रेडमध्ये घातलेलं मला जास्त आवडतं, कारण पुन्हा तापवलं की ते ६५ च्या पुढे गेल्याशिवाय राहत नाही. कवचं मात्र कचऱ्यात टाकू नका. थोड्या तेलात वास सुटेपर्यंत परता, कांदा, गाजर, थोडी मिरी, बुडेल एवढं पाणी, अर्धा-पाऊण तास मंद आचेवर, त्याहून जास्त नको, मग गाळून घ्या. सूपला किंवा भाताला हे पाणी वापरा. त्या दिवशी वेळ नसेल तर कवचं धुऊन, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका, पुढच्या महिन्यात केलंत तरी चालेल.